टाइमचा पुतिनवाला जुना अंक सापडला. दखल म्हणायची की बहुमान?

ओझरचा पोरगा (धागाकर्ता)

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत कंपनीतले जुने गेटपास, एक मायक्रोमीटर, ताईच्या लग्नातली आहेराची वही आणि अगदी तळाशी 'टाइम' साप्ताहिकाचा एक अंक. तारीख ३१ डिसेंबर २००७. मुखपृष्ठावर व्लादिमिर पुतिन, टाइमने निवडलेली त्या वर्षाची व्यक्ती. खुर्चीत ताठ बसलेले, डोळे थेट आपल्यावर. आई म्हणाली, "हा मेला असा काय बघतोय, आधी झाक तो."

बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या सरकारी कारखान्यात होते. आधी मिगच्या लाइनवर, शेवटची काही वर्षं सुखोईच्या. पैसे मोजून इंग्रजी साप्ताहिक आणणारा हा माणूस नव्हे. घरी एक मराठी पेपर यायचा, तोही शेजाऱ्यांशी अर्धाअर्धा. मग हा अंक इतकी वर्षं का जपला? विचारलं तर म्हणाले, "असू दे की. तुझं काय खातोय?"

त्यावरून ते दिवस आठवले. १९ डिसेंबर २००७ ला या निवडीची बातमी आली तेव्हा मी कॉलेज रोडला शिकत होतो. आमच्या कॉलनीत 'आपल्या माणसाचा बहुमान झाला' असा सूर. आपला का, तर विमानं त्यांची. १९६४ पासून ओझरला मिग, मग २००० साली १४० सुखोई इथे बनवायचा करार. किती घरांच्या चुली त्यावर पेटल्या ते ओझर-पिंपळगावकडच्यांना विचारा. कट्ट्यावर मात्र उलटं वारं. तिथे एक जण रोज एकच वाक्य फेकायचा, "हिटलरलाही दिलं होतं!" आणि जिंकल्यासारखा चहा प्यायचा.

अमेरिकेतही गदारोळ झाला होता. मिट रॉम्नी तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते. विरोधकांना तुरुंगात टाकणाऱ्याला निवडणं किळसवाणं आहे असं ते म्हणाले. इराकमधले अमेरिकी सेनापती जनरल पेट्रेयस यांना निवडायला हवं होतं, असं त्यांचं आणि त्याच शर्यतीतल्या जॉन मॅकेनचंही म्हणणं. क्रेमलिनचे लोक अर्थातच खूश. आणि संपादक रिचर्ड स्टेंगेल यांनी अंकातच स्पष्ट केलं होतं की हा सन्मान नाही, पाठिंबा नाही, लोकप्रियतेची स्पर्धाही नाही. बऱ्या किंवा वाईट, कुठल्याही अर्थाने ज्याने जग सगळ्यात जास्त हलवलं, त्याची ही दखल.

गंमत बघा. रागावलेले रागावले, कारण त्यांना तो सन्मान वाटला. हरखलेले हरखले, तेही त्याच कारणाने. 'नाही हो, तसं नाही' म्हणणारा एकटा संपादक, आणि अंक विकणाराही तोच.

माझं मत: संपादक अर्धं खरं बोलत होता. तुम्हाला काय वाटतं? (युक्रेनच्या युद्धावर भांडायला वेगळे धागे आहेत, कृपया तिकडे.)

---

तर्रीबाज

पहिला! जागा धरून ठेवतो, मिसळ खाऊन आलो की लिहितो.

---

निवृत्त मास्तर

विषय छान काढलात. 'हिटलरलाही दिलं होतं' हे वाक्य मीही शिक्षक-खोलीत बऱ्याचदा ऐकलं आहे. मी एकच विचारायचो, ते मुखपृष्ठ पाहिलं आहे का? फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

निवड १९३८ सालासाठी, अंक २ जानेवारी १९३९ चा. त्यावर हिटलरचा रुबाबदार फोटो नाही. एक चित्र आहे. चर्चमधला भलाथोरला ऑर्गन, त्यापुढे पाठमोरा बसून वाजवणारा इवलासा माणूस आणि वर चाकाला टांगलेले देह. काढणारा चित्रकार फॉन रिपर स्वतः नाझींच्या कैदेतून सुटून आलेला होता. ते चित्र पाहून कुणाला हार-तुरे सुचणार नाहीत. म्हणजे दखल आणि गौरव यांतला फरक चित्रातून दाखवता येतो, आणि त्यांनी तो एकदा दाखवला होता. २००७ च्या अंकात तसं काही आहे का, हे धागाकर्त्याने अंक समोर ठेवून सांगावं.

दुसरं म्हणजे 'दिलं' हे क्रियापद. सगळा घोटाळा तिथे आहे. निवड होते, पुरस्कार देतात. 'पुतिनची निवड झाली' म्हटलं तर प्रश्न पडतो, कशासाठी? 'पुतिनला दिलं' म्हटलं की हातात ताम्रपट, खांद्यावर शाल, बाजूला नारळ दिसायला लागतो. मराठीत आपण या गोष्टीला मानकरी, बहुमान, वर्षातील सर्वोत्तम व्यक्ती असे शब्द वापरले. 'सर्वोत्तम' मुळात कुठेच नव्हतं, ते आपण पदरचं घातलं.

आणि ही प्रथा काही थोर विचारातून निघालेली नाही. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने विमान हाकत अटलांटिक ओलांडला, आणि टाइमने त्याला मुखपृष्ठावर घ्यायचंच राहून गेलं. वर्ष सरता सरता बातम्यांचा दुष्काळ होता. तेव्हा 'वर्षातला माणूस' अशी युक्ती काढून ती चूक निस्तरली.

---

तर्रीबाज

म्हणजे राहिलेला गृहपाठ नाताळच्या सुट्टीत पूर्ण केला. मास्तर, तुमच्या वर्गात चाललं असतं का हे?

---

निवृत्त मास्तर

अक्षर चांगलं असेल तर चालवून घेतलं असतं.

---

सिडकोताई

मास्तरांचं चित्राबद्दलचं म्हणणं पटलं. आता आमच्या त्रिमूर्ती चौकात या. महिन्याचे तीसही दिवस कुणा ना कुणाचा वाढदिवस असतो आणि सिग्नल झाकून फ्लेक्स लागतो. ज्याचा फोटो मोठा तो साहेब, खाली पासपोर्ट आकारात असतात ते शुभेच्छुक. हे व्याकरण पोरासोरांनाही कळतं. उद्या कुणी फ्लेक्सखाली बारीक अक्षरात लिहिलं की 'सदर फोटो म्हणजे गौरव नव्हे, केवळ प्रभावाची नोंद आहे', तर कोण ऐकणार? फोटो मोठा झाला की मान मोठा झालाच.

पुतिनचा तो फोटो प्लेटन नावाच्या छायाचित्रकाराने काढलेला आहे. मी तो बऱ्याचदा पाहिलाय. कॅमेरा खालून वर बघतो, खुर्ची सिंहासनासारखी दिसते, हात खुर्चीच्या हातांवर टेकवलेले. आतल्या लेखात तुम्ही काहीही टीका करा, बघणाऱ्याने पहिल्या सेकंदात मुजरा घातलेला असतो. ऑर्गनवाल्या चित्रात आणि यात तोच तर फरक आहे.

---

ओझरचा पोरगा

मास्तर, अंक समोर घेऊन बसलोय. मथळ्यात शब्दांचा खेळ आहे, नवा झार जन्माला आला अशा अर्थाचा. म्हणजे झार म्हणून टोचलंही आणि झार म्हणून मिरवलंही. आतला लेख कौतुकाचा नाही. पत्रकारांच्या हत्या, दबलेला विरोध, सगळं आहे. पण ताई म्हणतात तेच, आमच्या कॉलनीत आतला लेख किती जणांनी वाचला असेल? इंग्रजी, वर बारीक टाइप. मुखपृष्ठ सगळ्यांनी पाहिलं.

---

नेवा ते गोदा

मी पुण्यात रशियन शिकले, काही वर्षं भाषांतराची कामं केली. आता गंगापूर रोडला स्थायिक. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

२००७ ला ही निवड का झाली हे समजायला १९९८ पासून सुरुवात करावी लागते. त्या ऑगस्टमध्ये रशियाने कर्जाचे हप्ते थांबवले, रुबल कोसळला, लोकांची आयुष्यभराची बचत काही आठवड्यांत पाण्यात गेली. मला शिकवणाऱ्या रशियन बाई सांगायच्या की त्यांच्या आईने पेन्शनीतून जमवलेल्या पैशात शेवटी हिवाळी बूटसुद्धा आले नाहीत. ३१ डिसेंबर १९९९ ला येल्त्सिन पायउतार झाले आणि पुतिन आले. पुढे तेल चढत गेलं. १९९८ ला पिंपाला बारा-तेरा डॉलरच्या आसपास घुटमळणारं तेल २ जानेवारी २००८ रोजी शंभरला टेकलं. पगार वेळेवर व्हायला लागले. रशियनमध्ये 'पोर्यादक' असा शब्द आहे. शिस्त, घडी, सुव्यवस्था, सगळं त्यात येतं. सामान्य माणसाला पोर्यादक आल्यासारखं वाटलं. तेल चढलं ते पुतिनमुळे नाही, हे त्याला कोण सांगणार? आपल्याकडेही पाऊस चांगला झाला की पालकमंत्र्यांचं नशीब उघडतं.

ही एक बाजू. दुसरी बाजू त्याच वर्षांतली. २००० च्या ऑगस्टमध्ये कुर्स्क पाणबुडी बुडाली, ११८ जण गेले. त्यावर सरकारला झोडपणाऱ्या दूरचित्रवाहिन्या पुढच्या वर्ष-दोन वर्षांत सरकारच्या कह्यात गेल्या. २००३ ला खोदोर्कोव्स्की हा तेलसम्राट तुरुंगात. चेचन्यातले अत्याचार लिहिणारी आन्ना पोलित्कोव्स्काया हिला ७ ऑक्टोबर २००६ रोजी मॉस्कोत तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या घातल्या. तो दिवस पुतिनचा वाढदिवस. दीड महिन्याने लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर लित्विनेन्को पोलोनियमच्या विषाने गेला. आणि टाइमची घोषणा व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी गॅरी कास्पारोव्हला मोर्चातून उचलून पाच दिवस कोठडीत ठेवलं होतं. होय, तोच बुद्धिबळवाला.

आता त्या कोठडीतून सुटलेल्या माणसाने जगभरच्या स्टॉलवर तो फोटो पाहिला असेल तर त्याला काय वाटलं असेल? संपादकाची तळटीप त्याच्या काय कामाची? मला शिकवणाऱ्या बाईंनी तो अंक हातात घेतला, चाळला आणि एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे आता हे मुखपृष्ठ दाखवतील. आतली पानं नाही." तेव्हापासून माझ्या मते वादाचा निकाल लागलेला आहे.

---

तर्रीबाज

दंडवत ताई. चहा गार झाला, वाचता वाचता.

---

बारा बलुतेदार

नेहमीप्रमाणे पश्चिमेच्या चष्म्यातून सगळं. बुशसाहेबांनी २००१ ला पुतिनच्या डोळ्यांत बघितलं आणि त्यांना त्यांचा आत्मा दिसला. मॅकेनना त्याच डोळ्यांत के, जी, बी (सोव्हिएत हेरखातं) अशी तीन अक्षरं दिसली. डोळे तेच, बघणाऱ्याची सोय वेगळी. मग आपण नाशिकमध्ये बसून त्या सोयीवर का भांडायचं? इराकमध्ये घुसलेल्या बुशना त्याच टाइमने २००० आणि २००४ असं दोनदा निवडलं. तेव्हा कुणी किळस आली म्हणालं का? रशियाने आपल्याला अडचणीत साथ दिली. बास.

---

नेवा ते गोदा

बुशना निवडल्यावरही बोलणारे बोलले होते. आणि साथ रशियाने दिली, मान्य. पोलित्कोव्स्कायाही रशियाच होती.

---

पंचवटीकर

बारा बलुतेदारांच्या 'बघणाऱ्याची सोय' या शब्दाशी सहमत, बाकीच्याशी नाही. आपल्याच गावचं उदाहरण देतो.

टाइमने १९३० सालासाठी गांधीजींना निवडलं. आजवर निवड झालेले एकटे भारतीय. अंक आला जानेवारी १९३१ मध्ये, तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, २६ जानेवारीला सुटले. म्हणजे इंग्रज सरकारच्या लेखी तोही 'वादग्रस्त नेता'च. सरकारधार्जिण्या साहेबलोकांच्या क्लबात तेव्हा काय बोलणं झालं असेल याची कल्पना करा. आज आपण ते अभिमानाने सांगतो, आणि तेव्हा मात्र आपल्याला 'हा सन्मान नाही' हे संपादकाचं वाक्य आठवत नाही!

आता पुढचं. मिठाची यात्रा १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाली. त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, २ मार्चला, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर काळाराम मंदिराच्या दारांशी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, इथली बाजू दादासाहेब गायकवाडांनी लावून धरलेली. दारं बंद. रामनवमीला रथाच्या वादातून दगडफेक झाली. पुढे वर्षानुवर्षं ते चाललं. माझे आजोबा सत्याग्रहाच्या विरुद्ध बाजूला उभे होते, हे घरात दबक्या आवाजात सांगितलं जायचं. न्यूयॉर्कहून बघणाऱ्याला त्या वर्षीच्या हिंदुस्थानात एक माणूस दिसला, आणि तो थोरच होता, प्रश्न तो नाही. प्रश्न असा की एका वर्षाला एकच चेहरा लावायचा म्हटलं की काळारामाच्या चार दारांवर बसलेली माणसं चौकटीबाहेर जातात. पुतिनच्या अंकातही तेच झालं असणार. चेहरा आला, कास्पारोव्हची कोठडी आतल्या पानावर गेली.

---

सिडकोताई

पंचवटीकर, आजोबांचं लिहिलंत ते फार कमी लोक लिहितात.

---

द्राक्षवाला निफाड

मी रोज वाचतो, लिहित नाही. पण रशियाचा विषय निघाला म्हणून लिहितो. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्याकडं माल दोन जातीचा. म्हंजे द्राक्ष तेच, पण कुठं जाणार त्यावरून. युरोपचा माल वेगळा, त्याला औषधाच्या अंशाची तपासणी कडक, मण्याची साइज मोजून, घडाला डाग चालत नाही. रशियाचा माल वेगळा, तिथं जरा मोकळं. ज्याचा प्लॉट युरोपात बसत नाही त्याला रशियाचा आधार असायचा. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं तेव्हा आमची ऐन तोडणी. मोठ्या जहाज कंपन्यांनी रशियाची बुकिंगं बंद केली. व्यापाऱ्यानं फोन केला, म्हणे सौदा विसरा, लोकल भावात देणार असाल तर उद्या गाडी लावतो. मणी पिकलेला, झाडावर किती दिवस ठेवणार? दिला.

तर त्या वर्षी आमच्या बागेतला माणूस कोण, मला विचारलं असतं तर पुतिनच सांगितला असता. भल्याचा नाही, पण दुसरं कोण? माझा सगळा हंगाम त्यानं हलवला. मला त्यांचा तो संपादक काय म्हणतो ते बरोबर वाटतं. ज्याच्यामुळं आपलं बरं-वाईट होतं त्याचं नाव घ्यावंच लागतं. गारपिटीचं पण घेतो आपण, हार थोडीच घालतो?

---

निवृत्त मास्तर

गारपिटीचं उदाहरण ऐकून माझा युक्तिवाद अर्धा मोडला. लिहीत जा हो.

---

तर्रीबाज

धाग्यावरचा आत्तापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद. (मास्तर, 'सर्वोत्तम' मी मुद्दाम म्हणतोय.)

---

बारा बलुतेदार

पण २०२२ ला टाइमने निवडलं झेलेन्स्कींना. आमच्या निफाडकरांच्या न्यायाने पुतिन यायला हवे होते की नाही?

---

ओझरचा पोरगा

नेमकं हेच मला म्हणायचं होतं, म्हणून संपादकाला अर्धं खरं म्हटलं. निव्वळ परिणाम मोजायचा तर २०२२ ला युद्ध सुरू करणारा जास्त परिणामकारक. पण झेलेन्स्की आणि सोबत युक्रेनची जिद्द, अशी निवड झाली. ती वाचताना 'हा सन्मान नाही बरं का' असं कुणाला सांगावं लागलं नाही, कारण तो सन्मानच होता. १९३९ ला स्टालिन आला तो हिटलरशी केलेल्या करारासाठी, नावं ठेवून. १९४२ ला पुन्हा तोच स्टालिन आला तो जर्मनांना थोपवणारा म्हणून, आता दोस्तांच्या बाजूचा. माणूस तोच, पत्रिका तीच.

आणि १९७९ ला इराणच्या खोमेनींना निवडलं तेव्हा काय झालं? तेहरानमध्ये अमेरिकेचे लोक ओलीस, आणि इकडे मुखपृष्ठावर आयातोल्ला. वाचक खवळले, वर्गण्या बंद केल्या. २००१ ला निव्वळ परिणाम बघितला असता तर बिन लादेनचं नाव टाळता आलं नसतं. निवडलं न्यूयॉर्कच्या महापौरांना, जुलियानींना. म्हणजे नियम आहे, पण वर्गणीदार दुखावेल तिथे तो जरा वाकतो. २००७ ला रशियावरून अमेरिकन वर्गणीदार तितका दुखावणार नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

---

नवा सभासद ४२२

२०१६ ला मोदीजी निवडून आले होते टाइमवर. सगळ्या ग्रुपवर आलं होतं. ते कुणी लिहीत नाही इथे.

---

सिडकोताई

दादा, ते वाचकांचं ऑनलाइन मतदान होतं. २०१४ ला आणि २०१६ ला त्यात मोदी पुढे होते, १६ ला १८ टक्के मतं. संपादकांची निवड वेगळी असते, त्या वर्षी ती ट्रम्प यांची झाली. २०१० ला मतदानात विकिलीक्सवाला असांज पुढे आणि मुखपृष्ठावर फेसबुकवाला झुकरबर्ग. आमच्या ग्रुपवरही पेढे वाटले होते, मीही एक अंगठा टाकला होता, मग रात्री वाचलं.

---

बारा बलुतेदार

आणि २०१९ ला त्याच टाइमने मोदींना फूट पाडणारा म्हणून मुखपृष्ठावर घेतलं तेव्हा लगेच ते विकले गेलेले! तुम्हा लोकांचं ठरलेलं असतं.

---

पंचवटीकर

'तुम्हा लोकांचं' कशाला? २०१२ च्या जुलैत आशिया आवृत्तीवर मनमोहन सिंगांना अपेक्षेला न उतरलेला म्हणून छापलं तेव्हा एका बाजूने तो अंक नाचवला आणि दुसरी बाजू परकी पत्रकारिता, परकी पत्रकारिता करत राहिली. २०१९ ला बाजू बदलल्या, वाक्यं तीच. मी दोन्ही वेळा सावानाच्या (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) वाचन कक्षात बसून ऐकलंय. वाचन कक्षात बोलायला मनाई आहे हा भाग वेगळा.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. देशातल्या राजकारणावर भांडण इथे नको, धागा चांगला चालला आहे. एकमेकांच्या आई-वडिलांचा उल्लेख (धागाकर्त्याच्या वडिलांचा सोडून) टाळावा.

---

नाशिकरोडकर

आमचं घराणं प्रेसमधलं. आजोबा, वडील, मी. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात टपाल तिकिटं छापली जातात, १९२५ पासूनचा कारखाना. तिकिटावर कुणाचा चेहरा आला की तो गौरव, यावर वादच नाही, कारण मागे सरकार असतं. हिटलरने स्वतःच्या राज्यात स्वतःची तिकिटं काढलीच होती. साप्ताहिकाच्या मागे सरकार नाही. त्याच्या मागे काय आहे? खप. म्हणून त्याला मुखपृष्ठ तिकिटासारखं छापायचं असतं आणि जबाबदारी मात्र बातमीएवढीच घ्यायची असते.

अवांतर: २००६ ला टाइमने 'तुम्ही' अशी निवड केली होती, मुखपृष्ठावर आरशासारखा चकचकीत चौकोन. म्हणजे इथले सगळेच माजी मानकरी. आमच्या शिफ्टमध्ये एकाने खरंच बायोडेटात टाकलं होतं.

---

तर्रीबाज

ओझरचा पोरगा, मूळ प्रश्न राहिला. बाबांनी अंक का ठेवला? सगळं जग फिरून आलो, ट्रंकेपाशी कोणी येईना.

---

ओझरचा पोरगा

काल विचारलं परत. भाऊबीजेला ताई आली होती, तिने विचारलं म्हणून सांगितलं. मला नसतं सांगितलं.

२००८ च्या सुरुवातीची गोष्ट. सुखोईच्या लाइनवर रशियन तज्ज्ञ येऊन-जाऊन असायचे. त्यातले एक वयस्कर गृहस्थ बाबांच्या टेबलाशी असत. दोघांची भाषा म्हणजे बोटं, ड्रॉइंग आणि वीस-पंचवीस शब्द. बाबांना वाटलं, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचा एवढा बहुमान झालाय, अभिनंदन करावं. शालिमारवरून अंक घेतला, शिफ्ट संपताना त्यांच्यापुढे ठेवला आणि हात पुढे केला.

त्यांनी हात मिळवला. अंकाकडे बघितलं. मग तो पालथा केला, मागच्या पानावरच्या जाहिरातीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे इथे मिळतं का, कितीला? बाबांनी माहीत नाही म्हणून मान हलवली. ते हसले, चहाचा कप त्याच पालथ्या अंकावर ठेवला आणि दुसऱ्या कामाचं ड्रॉइंग उघडलं.

बाबा म्हणतात, "मला आजतागायत कळलेलं नाही. त्याला तो माणूस नको होता, का खरंच ती वस्तू हवी होती? विचारणार कसं? शब्द नव्हते." दोन महिन्यांनी ते गृहस्थ परत गेले. अंक टेबलावरच राहिला होता, बाबा घरी घेऊन आले.

ताईने विचारलं, मग मिग गेला तेव्हा आठवण आली का त्यांची? (२०२५ च्या सप्टेंबरात चंदिगडला मिग-२१ ला निरोप दिला, बाबांनी तो कार्यक्रम टीव्हीसमोर उभं राहून बघितला.) म्हणाले, "आली. त्याचं काय ते बोट आठवलं."

---

नेवा ते गोदा

पालथा केला आणि वर कप ठेवला? मला तर उत्तर मिळालं.

---

द्राक्षवाला निफाड

ताई, मला उलटं वाटतं. माणूस परदेशात आला की घरच्यांसाठी काय न्यावं हेच डोक्यात असतं. पुतिन तर त्याला घरी रोज दिसत होता.

---

तर्रीबाज

वस्तू कसली होती पण? घड्याळ? कॅमेरा? अंक समोर आहे ना तुझ्या, मागचं पान बघ की!

---

ओझरचा पोरगा

तेच बघायला उचलला होता. मागचं पान नाहीये. कपाचा गोल डाग आतल्या पानापर्यंत उतरलाय, तेवढा आहे.